जागतिक गरिबीवर उन्हाळी संशोधन फेलोशिप: प्रश्न निवडण्यापासून अहवाल हाती देईपर्यंत

पदवीचा विद्यार्थी जागतिक गरिबीवर संशोधन करायचं ठरवतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा फार मोठा प्रश्न असतो. उन्हाळी फेलोशिप मात्र आठ ते बारा आठवड्यांची असते. या दोन्हींचा मेळ घालणं हेच या प्रक्रियेतलं सर्वांत अवघड काम आहे. निवड समितीही अर्जात तेच शोधत असते: हे काम उन्हाळा संपेपर्यंत पूर्ण होईल का, आणि नीट होईल का?

माझं ठाम मत असं की संस्थेच्या नावापेक्षा दोन गोष्टींना जास्त किंमत द्यावी. पहिली, छोटा पण नेमका प्रश्न. दुसरी, आठवड्यातून एकदा तरी तुमच्यासोबत बसणारा मार्गदर्शक. पुढची सगळी मांडणी या दोन गोष्टींभोवती आहे.

पायरी १: कोणत्या प्रकारची फेलोशिप हवी ते ठरवा

‘उन्हाळी संशोधन फेलोशिप’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिल्या प्रकारात तुम्ही प्राध्यापकाच्या चालू प्रकल्पात सहायक म्हणून काम करता. प्रश्न त्यांचा असतो. डेटा साफ करणं, आधीचं संशोधन वाचून त्याचे तक्ते करणं, नकाशे काढणं ही कामं तुमच्याकडे येतात. स्टॅनफर्डचं किंग सेंटर उन्हाळ्यात आपल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना अशाच प्रकारे प्राध्यापकांच्या प्रकल्पांशी जोडून देतं. कॅनडातली मायटॅक्स ग्लोबलिंक ही योजना भारतासह ठरावीक देशांतल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना १२ आठवड्यांसाठी कॅनडातल्या प्राध्यापकांकडे पाठवते आणि तिच्यात सामाजिक शास्त्रांचे प्रकल्पही असतात.

दुसऱ्या प्रकारात प्रश्न तुमचा आणि पैसा विद्यापीठाचा. प्रस्ताव लिहायचा, अंदाजपत्रक जोडायचं, मार्गदर्शकाची संमती मिळवायची. तिसऱ्या प्रकारात तुम्ही एखाद्या संस्थेच्या क्षेत्रकार्यात सामील होता. बर्कलीच्या ब्लम सेंटरचा जागतिक गरिबीवरचा अभ्यासक्रम अशा प्रत्यक्ष कामावर भर देतो.

संशोधनाचा अनुभव नसेल तर पहिला प्रकार निवडा. दुसऱ्याच्या प्रकल्पात काम करताना चांगलं संशोधन रोजच्या रोज कसं चालतं ते दिसतं. स्वतःच्या प्रस्तावावर एकट्याने काम करताना ते दिसत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीचा उन्हाळा असेल आणि प्रबंध लिहायचा असेल, तर दुसरा प्रकार योग्य.

जे-पॅल (स्थापना २००३) आणि इनोव्हेशन्स फॉर पॉव्हर्टी अॅक्शन (स्थापना २००२) ही नावं या क्षेत्रात सतत कानावर येतात. गरिबीवरचे उपाय खरंच चालतात का, हे प्रत्यक्ष प्रयोगांनी तपासणाऱ्या संशोधकांचं हे जाळं आहे. याच पद्धतीच्या कामासाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळाल्यापासून तर तिथे जाण्याची ओढ आणखी वाढली. पण तिथली रिसर्च असोसिएटची पूर्णवेळ पदं प्रामुख्याने पदवीनंतरची असतात. पदवीपूर्व विद्यार्थ्याला जवळची वाट म्हणजे या जाळ्याशी संलग्न असलेला, आपल्याच विद्यापीठातला किंवा शेजारच्या विद्यापीठातला प्राध्यापक.

पात्रता मात्र आधी वाचा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पदवीपूर्व संशोधन योजनेत स्टायपेंड मिळतो, पण ती अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांपुरतीच आहे. अशा एका अटीपायी आठवडाभर लिहिलेला अर्ज वाया जातो. आणि जिथे स्टायपेंड मिळण्याऐवजी तुमच्याकडूनच मोठी फी मागितली जाते, तिथे मार्गदर्शक कोण, किती वेळ देणार आणि शेवटी काय तयार होणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: वेळापत्रक उलटं मोजा

काम जूनमध्ये सुरू होणार असं धरू. बहुतेक अर्ज जानेवारी ते मार्चमध्ये मागवले जातात. मायटॅक्ससारख्या काही योजनांची मुदत आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारासच संपते. म्हणून वाचन ऑगस्ट-सप्टेंबरपासून, प्रश्नाची निश्चिती नोव्हेंबरपर्यंत, मार्गदर्शकांना ईमेल डिसेंबरच्या सुट्टीआधी. शिफारसपत्र मागताना किमान तीन आठवडे हातात ठेवा. लोकांशी बोलायचं असेल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीच्या (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) मंजुरीला काही आठवडे लागतात. परदेशी जायचं असेल तर व्हिसाचा वेळ त्यावर.

पायरी ३: प्रश्न बारीक करा

इथे घाई करू नका. बाकी सगळ्या पायऱ्यांना मिळून जेवढा वेळ द्याल, तेवढा या एकीला दिलात तरी तो जास्त होणार नाही.

समजा मनातला प्रश्न आहे, ‘गरीब देशांत मुली शाळेत मागे का पडतात?’ हा दहा वर्षांचा प्रश्न आहे. त्यातलं एकच कारण उचला: घरचं पाणी भरण्याचं काम. आता एकच देश निवडा, मलावी. एकच वयोगट, १२ ते १५. पाण्याच्या अंतराचं मोजमाप स्वतः शोधून काढायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ पाण्याची ‘मूलभूत सेवा’ ठरवताना जाऊन-येऊन ३० मिनिटांची मर्यादा धरतात, तीच घ्या. आता प्रश्न असा झाला: ज्या घरांना पाणी आणायला जाऊन-येऊन ३० मिनिटांहून जास्त वेळ लागतो, त्या घरांतल्या १२ ते १५ वर्षांच्या मुली आणि मुलगे यांच्या शाळेतल्या हजेरीत किती फरक आहे, आणि पाणी जवळ असलेल्या घरांत तो फरक किती आहे?

या रूपात प्रश्नाचं उत्तर दहा आठवड्यांत मिळू शकतं. त्याची मर्यादाही प्रस्तावात तुम्ही स्वतःच लिहा: पाणी लांब असलेली घरं बहुधा शाळेपासूनही लांब असतात आणि जास्त गरीबही असतात, त्यामुळे दिसणारा फरक पाण्यामुळेच आहे असं म्हणता येणार नाही. मुलींची तुलना त्याच घरांतल्या मुलग्यांशी केल्याने ही अडचण थोडी कमी होते, संपत नाही. एवढी दोन वाक्यं प्रस्तावात असली की वाचणाऱ्याला कळतं, या विद्यार्थ्याला सहसंबंध आणि कारण यांतला फरक समजलेला आहे.

या विषयातली टिकाऊ कामंही अशाच नेमक्या प्रश्नांतून उभी राहिली. जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्यूपा यांनी केनियात विचारलं की गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या फुकट द्याव्यात की थोडी किंमत घ्यावी. किंमत शून्यावरून ०.६० डॉलरवर नेल्यावर मच्छरदाणी घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी (म्हणजे दर शंभरात साठ जणांनी) घसरलं, आणि ‘फुकट मिळालेली वस्तू लोक वापरत नाहीत’ या समजालाही त्यांच्या आकड्यांत आधार मिळाला नाही. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा प्रश्न एका ओळीत मावतो. तुमचाही मावला पाहिजे.

पायरी ४: डेटा आधी हातात घ्या, मग प्रस्ताव लिहा

गरिबीवर संशोधन म्हणजे गावोगाव फिरून मुलाखती घेणं, अशी समजूत अनेकांची असते. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याविरुद्ध सल्ला देईन. भाषा येत नसताना, परिसर माहीत नसताना दोन महिन्यांत जमवलेल्या तीसेक मुलाखतींतून फारसं हाती लागत नाही आणि उत्तर देणाऱ्यांचा वेळ मात्र खर्च होतो. उलट लाखो कुटुंबांनी वेळ देऊन सांगितलेली माहिती सर्वेक्षणांत पडून आहे आणि तिचा बराच भाग अजून कुणी नीट वाचलेला नाही.

मुख्य स्रोत हे. युनिसेफचं एमआयसीएस हे घरोघरचं सर्वेक्षण मुलं आणि स्त्रिया यांच्यासाठी उत्तम. मलावीचं २०१९-२०चं सर्वेक्षण त्यातच आहे. पाणी कोण आणतं, किती वेळ लागतो, मूल शाळेत जातं का, हे सगळं त्यात विचारलेलं आहे, म्हणजे वरच्या प्रश्नाला लागणारे रकाने तयार आहेत. जागतिक बँकेचं एलएसएमएस हे राहणीमानाचं सर्वेक्षण १९८०पासून चालू आहे. खर्च, शेती, मजुरी यांसाठी ते पाहावं. इथिओपिया, नायजेरिया, टांझानिया, युगांडा अशा देशांत तीच कुटुंबं पुन्हा पुन्हा गाठलेली आहेत. यंग लाइव्ह्ज या अभ्यासाने इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममधल्या सुमारे १२,००० मुलांचा मागोवा या शतकाच्या सुरुवातीपासून ठेवला आहे. डीएचएस ही आरोग्य सर्वेक्षणांची मालिका १९८४पासूनची, पण २०२५मध्ये अमेरिकी सरकारचा निधी थांबल्यावर तो कार्यक्रम अडचणीत आला. म्हणून कोणताही डेटा प्रत्यक्ष डाउनलोड करून उघडून पाहिल्याशिवाय प्रस्तावात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

उघडल्यावर सर्वांत आधी प्रश्नावली वाचा, आकडे नंतर. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती बदलतं याची कल्पना नसेल तर हे उदाहरण पाहा: भारतात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने नव्वदच्या दशकात काही घरांना अन्नावरचा खर्च मागच्या ३० दिवसांऐवजी ७ दिवसांचा विचारून पाहिला. सात दिवसांच्या आठवणीने नोंदलेला खर्च वाढला आणि हिशेबातली गरिबी जवळजवळ निम्म्याने कमी दिसली. माणसं तेवढीच गरीब होती, बदलला तो फक्त प्रश्न.

आणखी तीन ठिकाणी नवखे संशोधक चुकतात.

गरिबीची रेषा बदलत असते. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा सप्टेंबर २०२२मध्ये दिवसाला २.१५ डॉलर झाली आणि जून २०२५मध्ये ३ डॉलर. दोन्ही क्रयशक्तीनुसार समायोजित डॉलर आहेत, म्हणजे देशोदेशीच्या किमतींतला फरक धरून काढलेले, पण आधारवर्षं वेगळी, अनुक्रमे २०१७ आणि २०२१. दोन वेगळ्या रेषांचे आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवले की खोटा कल दिसतो.

डीएचएस आणि एमआयसीएसमधला संपत्ती निर्देशांक म्हणजे उत्पन्न नव्हे. घरातल्या वस्तू आणि सोयींवरून तो काढतात आणि तो त्या देशातल्या, त्या वर्षीच्या घरांची एकमेकांशी तुलना करतो. त्यामुळे एका देशातला सर्वांत गरीब पाचवा भाग आणि दुसऱ्या देशातला सर्वांत गरीब पाचवा भाग सारखेच गरीब असतील असं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नमुन्याचे भार. प्रत्येक घर निवडलं जाण्याची शक्यता सारखी नसते, म्हणून सरासरी काढताना भार लावावेच लागतात. डीएचएसच्या फाइलींत हे भार दहा लाखांनी गुणून ठेवलेले असतात. वापरण्याआधी तेवढ्यानेच भागायचे.

पायरी ५: मार्गदर्शकाला ईमेल

प्राध्यापकांना ‘मला आपल्या संशोधनात रस आहे’ अशी पत्रं ढिगाने येतात. तुमच्या पत्रातून इतकंच दिसू द्या की तुम्ही त्यांचा एक लेख खरोखर वाचला आहे आणि थोडं काम आधीच केलं आहे. नमुना असा:

‘आदरणीय प्राध्यापक, मी अर्थशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. पाणी आणि घरकामाची वाटणी यांवरचा आपला लेख मी वाचला. त्यात मुलांच्या वेळेची नोंद नसल्याचं आपण म्हटलं आहे. मलावीच्या २०१९-२०च्या एमआयसीएसमध्ये ५ ते १७ वयाच्या निवडलेल्या मुलांना पाणी आणण्याच्या तासांबद्दल विचारलेलं आहे. मी तो डेटा उघडून १२ ते १५ वयोगटाचा प्राथमिक तक्ता केला आहे, तो सोबत जोडतो. या प्रश्नावर उन्हाळ्यात दहा आठवडे काम करण्यासाठी फेलोशिपला अर्ज करायचा आहे. आपण मार्गदर्शन करू शकाल का? वीस मिनिटं बोलता आलं तर मी आभारी राहीन.’

एवढंच. जीवनचरित्र एका पानाचं जोडा. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग पुढच्या व्यक्तीकडे वळा. त्या प्राध्यापकांच्या हाताखालच्या पीएचडी विद्यार्थ्यालाही लिहायला हरकत नाही. रोजच्या अडचणींत तोच जास्त उपयोगी पडतो.

होकार आल्यावर संकोच न करता विचारा: आठवड्यातून किती वेळा भेट होईल, उन्हाळ्यात तुम्ही प्रवासात असाल का, आणि माझ्या कामाचं श्रेय कसं दिलं जाईल.

पायरी ६: अर्ज

प्रस्तावाचा पहिला परिच्छेद प्रश्नाने सुरू करा, जगात किती लोक गरीब आहेत या आकड्याने नको. समितीला तो ठाऊक असतो. मग हा प्रश्न कुणाला का महत्त्वाचा, डेटा कोणता, पद्धत कोणती, आठवड्यांचं वेळापत्रक, मर्यादा. पद्धत साधी असली तरी चालते. प्रमाणांची तुलना आणि साधं समाश्रयण (रिग्रेशन) स्वच्छपणे मांडलेलं असेल, तर ते न पेलणाऱ्या अवघड तंत्रापेक्षा कधीही चांगलं.

स्वतःबद्दलच्या निवेदनात ‘गरिबांचं दुःख पाहून मी हेलावलो’ अशी वाक्यं टाळा. ज्यांच्याबद्दल लिहीत आहात ती माणसं तुमच्या भावनांचं निमित्त होतात आणि वाचणाऱ्याला तुमच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. तुम्ही स्वतः गरिबी पाहिली, सोसली असेल तर ते जरूर लिहा, पण त्यातून कोणता प्रश्न सुचला ते लिहा.

शिफारसपत्रासाठी ओळखीच्या मोठ्या नावापेक्षा ज्यांनी तुमचं काम तपासलं आहे ते शिक्षक गाठा. त्यांना प्रस्तावाचा मसुदा, गुणपत्रक आणि तुम्ही त्यांच्याकडे केलेलं काम एका पानात द्या. अंदाजपत्रकात प्रवास, विमा, लसीकरण, दुभाषा आणि मुलाखतींचं ध्वनिमुद्रण शब्दशः लिहून काढणं हे खर्च विसरले जातात.

पायरी ७: परवानगी आणि जबाबदारी

माणसांवरच्या संशोधनाची नीती अमेरिकेतल्या १९७९च्या बेल्मॉन्ट अहवालाने तीन तत्त्वांत मांडली: व्यक्तीचा आदर, तिचं भलं पाहणं, न्याय. बहुतेक विद्यापीठांच्या नैतिकता समित्या आजही याच चौकटीत विचार करतात. ओळख काढून टाकलेला सार्वजनिक डेटा वापरणार असाल तरी समितीकडून ‘मंजुरीची गरज नाही’ असं लेखी घ्या.

मुलाखती घेणार असाल तर संमतीपत्र उत्तर देणाऱ्याच्या भाषेत हवं. नकार दिल्यास रेशन, कर्ज किंवा मदत थांबणार नाही हे स्पष्ट सांगायला हवं. सोबत गावातला अधिकारी किंवा संस्थेचा कार्यकर्ता उभा असेल तर ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, म्हणून त्याला नम्रपणे दूर थांबायला सांगा. कौटुंबिक हिंसेसारख्या विषयाला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नका. नुसता प्रश्न विचारल्यानेही त्या स्त्रीला घरी इजा होऊ शकते.

ओळख फक्त नावातून उघड होत नाही. डीएचएस म्हणूनच प्रत्येक वस्तीचं नकाशावरचं ठिकाण मुद्दाम सरकवतं, शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत आणि १ टक्का ग्रामीण वस्त्यांसाठी १० किलोमीटरपर्यंत. तुमच्याकडची फाइल एन्क्रिप्ट करून ठेवा. उत्तर देणाऱ्यांचे फोटो आणि फॉर्म व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.

पायरी ८: दहा आठवडे

आकडेमोडीसाठी स्टाटा, आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकीय साधन येत असेल तर पुरेसं आहे. नसेल तर जूनच्या आधी शिका, आर आणि पायथन विनामूल्य आहेत. विषयाची पार्श्वभूमी हवी असेल तर एमआयटीचे डेटा, अर्थशास्त्र आणि विकासधोरण यांवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम चांगले.

पहिल्या दोन आठवड्यांत नवं काही शोधू नका. सर्वेक्षणाच्या अधिकृत अहवालातला एक तक्ता घ्या आणि तोच आकडा तुमच्या कोडने काढून दाखवा. तो जुळत नसेल तर भार चुकले आहेत, वयोगट चुकला आहे किंवा रिकाम्या नोंदी मोजल्या गेल्या आहेत. ही चूक दुसऱ्या आठवड्यात सापडली तर अर्धा दिवस जातो, नवव्या आठवड्यात सापडली तर सगळा उन्हाळा.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मुख्य तक्ते. मूळ फाइल कधीही बदलू नका. प्रत्येक बदल कोडमध्ये असू द्या आणि दर शुक्रवारी मार्गदर्शकाला अर्ध्या पानाची नोंद पाठवा: काय केलं, कुठे अडलं, पुढे काय. पाचव्या आठवड्यात बहुतेकांचा धीर खचतो, कारण अपेक्षित फरक दिसत नाही. फरक न दिसणं हेही उत्तरच आहे, ते तसंच लिहा. मनासारखा आकडा येईपर्यंत वयोगट आणि व्याख्या बदलत राहणं ही मात्र फसवणूक आहे. ती टाळायची तर कोणते तक्ते काढणार ते पहिल्याच आठवड्यात लिहून मार्गदर्शकाकडे ठेवा.

सातव्या आठवड्यापासून लिहायला लागा, विश्लेषण अपुरं वाटलं तरी. शेवटी तीन गोष्टी हातात हव्यात: आठ-दहा पानांचा अहवाल, एक पोस्टर, आणि कोड-फाइलींचा असा संच जो दुसऱ्याने चालवला तर तेच आकडे येतील. क्षेत्रकार्य केलं असेल तर निष्कर्षाची एक पानी प्रत स्थानिक भाषेत त्या गावाला किंवा संस्थेला पाठवा.

निवड झाली नाही तर

जागा थोड्या असतात, चांगले अर्जही नाकारले जातात. समितीला अभिप्राय मागा, काही समित्या देतात. डेटा तुमच्याकडे आहे, प्रश्न तुमच्याकडे आहे, म्हणून मार्गदर्शकाला विचारा की हेच काम पुढच्या सत्रात स्वतंत्र अभ्यास म्हणून करता येईल का.

आणखी एक चांगला मार्ग म्हणजे प्रसिद्ध झालेल्या एखाद्या अभ्यासाचे आकडे पुन्हा काढून पाहणं. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांचा केनियातल्या ७५ शाळांमधला जंतनाशक गोळ्यांचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांनी डेटा आणि कोड खुला दिला, २०१५मध्ये लंडनच्या संशोधकांनी तो पुन्हा तपासला, त्यात काही चुका सापडल्या आणि निष्कर्ष किती टिकतो यावर मोठा वाद झाला. गरिबीच्या संशोधनात पुरावा कसा तपासला जातो हे शिकायला त्या वादाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. हार्वर्ड डेटाव्हर्स या ऑनलाइन डेटासंग्रहावर अनेक अभ्यासांचे असे संच विनामूल्य आहेत. आपल्या प्रश्नाच्या जवळचा एक निवडा, त्याचा फक्त पहिला मुख्य तक्ता काढा आणि कुठे जुळला, कुठे नाही यावर चार पानं लिहा. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती पानं जोडता येतील.